दस्तगीरमामांचा कोरा फॉर्म

पेशंटला टेबलावर झोपवायच्या आधी दस्तगीरमामा पाच मिनिटं त्याच्याशी गप्पा मारायचे, आणि त्या पाच मिनिटांवरून आमचं दोघांचं अठरा वर्षं वाजत होतं. मी रेडिओलॉजिस्ट. म्हणजे एक्सरे, सीटी स्कॅन बघून आत काय बिघडलंय ते लिहून देणारी डॉक्टर. मामा आमच्या सेंटरचे टेक्निशियन, म्हणजे ते फोटो प्रत्यक्ष काढणारे. बाहेर बाकड्यांवर वीस माणसं ताटकळलेली, रिसेप्शनवरची पोरगी माझ्याकडे केविलवाणं बघतेय, आणि आत मामांचं निवांत चाललेलं.

"कुठलं पावणं?"

"गडहिंग्लजचं."

"तिकडं पाऊस हाय का? आन् काम काय करतासा? शेती? नुसती शेती का आनि काय?"

मी मधल्या काचेवर पेनानं टकटक करायची. "मामा, सीटी काढताय की सोयरीक जमवताय?"

"दोनी जमलं तर बगू की म्याडम!" मामा काचेपलीकडून ओरडायचे. पेशंट हसायचा. माझं डोकं फिरायचं.

उंच, काटकुळा माणूस. पांढरा हाफ शर्ट, खिशात कंगवा आणि दोन पेनं, त्यातलं एक कधीच न चालणारं. मूळचे कुरुंदवाडचे, पण नोकरीसाठी उचगावला घर केलेलं. आवाज असा, की मशीनच्या खोलीत बोलले तरी रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला ऐकू जावं. सीटीच्या मशीनला श्वास धरायच्या सूचना देणारा एक रेकॉर्ड केलेला आवाज असतो. आमच्या मशीनमध्ये तो हिंदीत होता. मामांनी तो पहिल्याच आठवड्यात बंद केला. "आमच्या म्हाताऱ्या घाबरत्यात हो म्याडम. म्हणत्यात, भोकातनं कोन बोललं?" त्यानंतर अठरा वर्षं मामाच ओरडत राहिले, "घ्या श्वास! धरा! धरा, आक्का, सोडायचा न्हाय! ... सोडा आता, झालं की!" दिवसाला पन्नास पेशंट असले तरी पन्नासाव्यालाही तितकाच दणका.

पैलवानांवर त्यांचा विशेष राग. आमच्याकडे तालमीतली पोरं एक्सरेला आली की प्लेटसमोर उभं राहून छाती फुगवून, दंड आवळून पोज देत. "आरं बाबा, जत्रंतला फोटू न्हवं ह्यो! आतलं बगायचंय, बाहेरचं न्हाय!" एकदा एक शंभर किलोचा पैलवान नुसती इंजेक्शनची सुई बघून घेरी येऊन पडला. मामांनी त्याला पंखा घातला, पाणी पाजलं आणि उठल्यावर कानात सांगितलं, "कुनाला सांगत न्हाय. पर पुढच्या येळी वस्तादाला संगट आनू नगा." ही गोष्ट मला त्यांनी स्वतः सांगितली, आणि मी सोडून आणखी किती जणांना सांगितली देव जाणे.

पण त्यांच्या हाताला एक माया होती, तीही सांगितली पाहिजे. एक बाई आली होती, साठीची. तिचा नवरा दुसरीकडे आयसीयूत. छातीचा सीटी काढायचा तर गळ्यात धातू चालत नाही, फोटो खराब होतो. बाई मंगळसूत्र काढायला तयार नाही. रडायला लागली. मी कंटाळून म्हटलं, काढायचंच नसेल तर सीटी होणार नाही. मामांनी मला हातानंच थांबवलं, बँडेजची पट्टी घेतली, मंगळसूत्र न काढता हलकेच हनुवटीवरून, कपाळावरून वर सरकवलं आणि डोक्यावर पट्टीनं बांधून टाकलं. "काढलं न्हाय आक्का. वर सरकीवलंय फकस्त. डोक्यावर हाय तुमच्या." फोटो स्वच्छ आला. हे मला का सुचलं नाही, असा मला त्या दिवशी रागच आला होता. माझा स्वभाव असा आहे. चूक कळली की आधी राग येतो आणि शरम मागून येते.

आता राधानगरीकडच्या एका पेशंटचं, मामांच्या भाषेत पाहुण्याचं, सांगते. तिशीतला तरुण, अंगानं धडधाकट. साखर नाही, दारू नाही, बिडी नाही. ताप, खोकला, आणि दोन्ही फुफ्फुसांत बाजरी उधळल्यासारखे बारीक ठिपके. आपल्याकडे असं चित्र दिसलं की सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द येतो, टीबी. टीबीच्या गोळ्या तीन महिने घेऊन तो आणखी वाळला होता. मीही टीबीच लिहायला बसले होते. तेवढ्यात मामा आत आले.

"म्याडम, त्यो पावणा वटवागळांची घान काढत हुता."

"काय?"

"गावात जुनं गोदाम हाय. धा-बारा वर्सं बंद. त्यात वटवागळं. ह्यानं म्हशी बांधायला म्हणून साफ केलं. आठ दिस खोऱ्यानं वढलंय. मग पंधरा दिसानं ताप."

फुफ्फुसात बुरशी होते ती दुबळ्या माणसाला, असं आम्ही शिकलेलो. साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेलं, कॅन्सरची औषधं चालू असलेली माणसं. करोनात काळी बुरशी सगळ्या कोल्हापूरनं बघितली, तीही अशाच माणसांत. पण वटवाघळांच्या, पक्ष्यांच्या सुकलेल्या विष्ठेत काही बुरश्या असतात, त्यांची धूळ भरपूर छातीत गेली तर ठणठणीत माणसालाही धरतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. डोक्यात मात्र आलं नव्हतं. मी रिपोर्टात बुरशीची शक्यता लिहिली, तपासणी झाली, बुरशीच निघाली, औषध बदललं, आणि तो पाहुणा दोन महिन्यांनी खव्याचा डबा घेऊन आला.

डॉक्टरांच्या बैठकीत मी ती केस दाखवली. टाळ्या पडल्या. "तुम्हाला हे सुचलं कसं?" असं एका ज्येष्ठांनी विचारलं. मी म्हणाले, "हिस्टरी नीट घेतली." पेशंटची ती विचारपूस केली कुणी, ते सांगितलं नाही. सांगायला किती वेळ लागला असता? मामांना मी खव्याच्या डब्यातला अर्धा खवा दिला आणि माझ्या मते विषय मिटवला.

मामांना मात्र त्यातून हुरूप आला. येता जाता मला येऊन सांगायला लागले. हा कोंबड्यांच्या शेडवर असतो, तिच्या घरात ओल आहे, ह्याचा बाप असाच गेला. दहातल्या आठ गोष्टी निरुपयोगी असायच्या. मी "हं, हं" करायची. मग एके दिवशी त्यांनी एका बाईच्या मुलाला बाहेर सांगून टाकलं, की आईचं मला टीबीवानी दिसत न्हाय. मुलगा जाऊन तिच्या डॉक्टरशी भांडला. डॉक्टरांनी मला फोन केला, "तुमच्याकडे आता टेक्निशियन रिपोर्ट देतात का हो?"

मी फोन ठेवला आणि सरळ बाहेर आले. रिसेप्शन भरलेलं होतं. तिथंच, सगळ्यांसमोर, मी मामांना फैलावर घेतलं. "मामा, तुमचं काम बटण दाबायचं. डोकं चालवायला मी आहे. परत कुणाच्या आजाराबद्दल एक शब्द काढलात तर मला चालणार नाही."

मामांनी खिशातला कंगवा काढला, परत ठेवला. "व्हय म्याडम," म्हणाले. आणि त्या बाईला टीबीच होता. मामा चुकले होते. त्यामुळे तर माझा तोरा आणखी वाढला. आपण ओरडलो ते बरोबरच, असं मी मनाशी पक्कं केलं.

त्यानंतर मामांनी पेशंटला विचारायचं सोडलं नाही. "कुठलं पावणं" चालूच राहिलं. मला येऊन सांगायचं तेवढं सोडलं. मला ते कळायलाही सहा-आठ महिने लागले. कळलं तेव्हा बरंच वाटलं, कटकट गेली म्हणून.

श्रावणात कधीतरी मामांना खोकला लागला. कोरडा, ढास लागणारा. आवाज बसला नाही, पण "धरा, धरा" म्हणताना मध्येच स्वतःच खोकायचे आणि पेशंट टेबलावर श्वास धरून हसायचा. मी म्हणायची, "मामा, फोटो काढा की. दुकान आपलंच आहे." ते म्हणायचे, "काढू की, पेशंट कमी झाल्यावर." दोन महिने गेले. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला तेव्हा मी जबरदस्तीनं एक्सरे काढायला लावला. उजव्या बाजूला खाली एक गोल सावली दिसली. मग एके दिवशी सीटी.

आमच्या सेंटरची एक पद्धत होती. बाहेरच्या पेशंटचा फॉर्म भरून घ्यायचा. त्रास काय, कधीपासून, कामधंदा काय, घरी जनावरं-पक्षी आहेत का. हा शेवटचा प्रश्न तर त्या राधानगरीच्या केसनंतर मीच छापून घेतला होता. पण स्टाफमधलं कुणी असेल तर फॉर्म भरायचा नाही. वर नाव घालायचं आणि खाली आडवं लिहायचं, 'स्टाफ'. घरच्या माणसाला कसला फॉर्म? सगळं माहीतच असतं की आपल्याला. परक्याला चार प्रश्न विचारायचे आणि आपल्या माणसाला एकही नाही, ह्यात आम्हाला आपुलकी वाटायची.

मामांच्या फॉर्मवर मी स्वतः 'स्टाफ' लिहिलं. स्नेहल म्हणून आमची नवी टेक्निशियन आहे, तिनं बटण दाबलं. स्क्रीनवर उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात, बरगडीला चिकटून, लिंबाएवढी गाठ. कडा ओबडधोबड. अशा गाठी मी शेकड्यांनी बघितल्यात. हा माणूस चालला, एवढंच मनात आलं, दुसरं काही आलंच नाही.

रिपोर्टात मी कॅन्सर लिहिलं. दुसरी शक्यता लिहिलीच नाही. संध्याकाळच्या आत सर्जनना फोन केला, म्हटलं, आमचा माणूस आहे, उद्याच बघा. आठ दिवसांत सुई घालून गाठीचा नमुना काढला. उत्तर आलं, नमुना अपुरा आहे, सूज दिसते, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत, पुन्हा घ्यावा. सर्जननी मला विचारलं, "परत सुई घालू या का?"

मी म्हणाले, "वेळ घालवू नका. काढून टाका."

हे शब्द माझे आहेत. सर्जनचे नाहीत, मामांचे नाहीत. मामांनी तर फक्त मान हलवली होती. "म्याडम म्हणत्यात तर काढू."

फुफ्फुसाचा खालचा पूर्ण भाग काढला. दहा दिवसांनी काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी. पक्ष्यांच्या, विशेषतः कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेत सापडणारी. बहुतेकांच्या छातीत ती जाते आणि काही न करता निघून जाते, पण एखाद्या निरोगी माणसात गाठ धरून बसते, हुबेहूब कॅन्सरसारखी. गोळ्यांनी विरघळते. काही महिने गोळ्या, बस्स. मी नुसतं 'बुरशी असू शकेल' लिहिलं असतं, तर तपासणाऱ्यानं सुईच्या नमुन्यातच तिचा शोध घेतला असता.

छातीचे डॉक्टर वॉर्डात आले तेव्हा मी पलंगाजवळ उभी होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी कबुतरं आहेत का?"

"हायत की," मामा म्हणाले. "चाळीस."

चाळीस! थोरले भाऊ त्या वर्षी वारले. मामांच्याच घराच्या गच्चीवर त्यांची ढाबळ होती, म्हणजे कबुतरांचं घर. पाखरं उपाशी मरतील म्हणून मामा रोज पहाटे वर जाऊन दाणे टाकत, खराट्यानं ढाबळ झाडत. सेंटरवर कुणाला बोलले नव्हते, कारण कबुतरबाजी म्हणजे रिकामटेकड्यांचा नाद, असं आयुष्यभर तेच चेष्टेनं म्हणत आलेले. एक प्रश्न विचारायचा होता. माझ्याच छापील फॉर्मवरचा प्रश्न.

तिसऱ्या दिवशी मामांची बायको, शमाभाभी, सेंटरवर पेढे घेऊन आली. "कॅन्सर न्हाय म्हणं! म्याडम, तुमी एवढी धावपळ केलासा म्हणून वाचलं हो आमचं मानूस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाभीनं पेढा माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. थुंकून टाकावासा वाटला आणि गिळला.

पुढं मामांच्या छातीत पाणी झालं, दोनदा नळी घालावी लागली. राहिलेलं फुफ्फुस नीट फुललं नाही. बुरशीच्या गोळ्या चालू राहिल्या, पण जिना चढला की धाप लागायची. नोकरी सुटली. स्नेहलनं मशीनमधला तो हिंदी आवाज परत चालू केला. मी पाच महिने त्यांच्या घरी गेले नाही. फोन करायची, "कसे आहात मामा?" "झ्याक म्याडम." की ठेवला फोन.

मग निरोगी माणसाच्या फुफ्फुसातली बुरशी ह्या विषयावर बोलायला मला बोलावणं आलं. मागची टाळ्यांची केस लोकांच्या लक्षात होती. मी स्लाइड तयार करत बसले आणि, काय सांगू, मामांचा स्कॅन त्यात घातला. नाव झाकून. 'रंजक केस' असा मथळाही दिला. स्नेहल मागून जाता जाता थांबली. "म्याडम, हा मामांचा ना?" एवढंच म्हणाली. मला स्वतःची किळस आली. मी लॅपटॉप बंद केला आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढून उचगावला गेले.

मामा व्हरांड्यात लोखंडी कॉटवर बसले होते. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, बसा. गच्चीवरची ढाबळ मोकळी झाली होती, पाखरं नातेवाइकांनी वाटून नेली. भाभी चौकटीशी उभी राहिली, आनंदानं नुसती फुललेली. मी सगळं पाठ करून आले होते. म्हटलं, "मामा, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुमचं ऑपरेशन..."

"शमा, म्याडमस्नी च्या टाक," मामा पटकन म्हणाले. "आन् दुकानातनं खारी आन. ताजी आन."

भाभी गेली. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मामा बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिच्यासमोर नगा बोलू. ती लई मानती तुमास्नी."

तरी मी सांगितलं. ऑपरेशनची गरज नव्हती, गोळ्यांनी झालं असतं, परत सुई घाला म्हणायला हवं होतं, काढून टाका मी म्हणाले. सगळं. मामा ऐकत होते. मध्ये एकदा खोकले.

"मला वाटलंतं, म्याडम."

"काय?"

"कबुतरांचं. त्यो राधानगरीचा पावणा ध्यानात हुता न्हवं? टेबलावर पडल्या पडल्या मनात आलं, आपुनबी पाच-सा म्हैनं थोरल्याची ढाबळ झाडतोय. त्येचंच असंल का काय म्हणलं."

"मग बोलला का नाहीत मामा? माझ्याशी एक शब्द..."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं.

"तुमी कामात हुतासा," ते म्हणाले.

मामांच्या सीटीच्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला आमच्याकडे कुणी फोटो काढायला येत नाही. पेशंटांची खोटी नको म्हणून मामांनीच तो दिवस निवडला होता. दुपारभर एक माणूस फिरकला नाही. सीटी झाल्यावर मामांनी शर्टाची बटणं लावली, स्वतः चहा केला, दोन कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले, आणि अर्धा तास आम्ही दोघं त्यांच्याच फुफ्फुसाकडे बघत चहा पीत होतो. ते गप्प का बसले ते मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत होतं. आता बोलायची वेळ माझी होती. मी तोंड उघडलं.

"हो," मी म्हणाले. "त्या दिवशी गर्दी फार होती."

"लई गर्दी," मामा म्हणाले, आणि कॉटचा दांडा धरून मला गाडीपर्यंत सोडायला उठले.